सबमिशन आणि फितना: दोन डच फिल्म आणि कुणाच्या अंगावर काय आलं

‘फितना काढली म्हणून त्या डच डायरेक्टरला मारलं’ हे वाक्य लोक बिनधास्त ठोकून देतात आणि ते साफ चूक आहे. मारला गेला थिओ व्हॅन गॉग, त्याची फिल्म सबमिशन, साल २००४. फितना आली २००८ला, ती गीर्ट विल्डर्स या खासदाराची. दोन्ही नेदरलँड्सच्या, दोन्ही छोट्या, दोन्हीत इस्लामवर टीका आणि कुराणातल्या आयती, म्हणजे घोळ होणारच.

सबमिशन जेमतेम ११ मिनिटांची. स्क्रिप्ट अयान हिर्सी अलीची, जन्म सोमालियातला, तेव्हा डच संसदेत खासदार. जबरदस्तीचं लग्न, नवऱ्याची मारहाण, घरातल्याच माणसाने केलेला बलात्कार असं बायकांचं सांगणं आणि अंगावर लिहिलेल्या आयती. २९ ऑगस्टला टीव्हीवर दाखवली, आणि २ नोव्हेंबरला सकाळी व्हॅन गॉग सायकलवरून कामाला निघाला असताना अ‍ॅमस्टरडॅमच्या भर रस्त्यात मोहम्मद बुयेरीने त्याला गोळ्या घातल्या, गळ्यावर सुरा चालवला आणि अंगात सुरा खुपसून एक पत्र ठेवलं. पत्र कुणाला, तर अयानला! तिला पोलीस संरक्षण होतं, व्हॅन गॉगने घ्यायला नकार दिला होता. तो काही गोड बोलणारा माणूस नव्हता, मुसलमान काय आणि ज्यू काय, सगळ्यांबद्दल वाट्टेल ते लिहायचा, पण म्हणून रस्त्यात मारायचं? बुयेरीला २००५ मध्ये जन्मठेप झाली.

फितना हा वेगळाच प्रकार, नट नाहीत, कथा नाही. साधारण १७ मिनिटं ११ सप्टेंबर, माद्रिदचे बॉम्बस्फोट, मौलवींची भाषणं आणि मध्ये आयती असं एकाला एक जोडलंय. मला विचाराल तर ती फिल्म कमी आणि पक्षाचा प्रचार जास्त. विल्डर्सला व्हॅन गॉगच्या खुनापासूनच चोवीस तास संरक्षण होतं, त्यामुळे त्याच्यापर्यंत कोणी पोचणं अवघड, आणि झळ बसली ती फिल्म पोचवणाऱ्यांना. कुठलंही डच चॅनेल ती आहे तशी पूर्ण दाखवायला तयार होईना, नेटवर्क सोल्यूशन्स या वेब होस्टिंग कंपनीने रिलीजच्या आधीच फिल्मसाठी काढलेली त्याची वेबसाइट बंद केली. शेवटी २७ मार्चला लाइव्हलीक या व्हिडिओ वेबसाइटवर टाकली तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती काढली, कारण त्यांच्या स्टाफला धमक्या आल्या. दोन दिवसांनी परत लावली, पण विचार करा, ज्यांनी एक फ्रेमसुद्धा शूट केली नाही त्यांच्या घरच्यांची झोप उडाली. डच सरकार वेगळ्याच टेन्शनमध्ये, त्यांचे सैनिक तेव्हा अफगाणिस्तानात होते, राग त्यांच्यावर निघेल ही भीती.

सगळ्यात भारी गोंधळ तर फितनाच्या आतच आहे. बुयेरीचा फोटो म्हणून जो फोटो लावला तो निघाला सालाह एदिन नावाच्या मोरोक्कन वंशाच्या डच रॅपरचा. म्हणजे ना फिल्म बनवली, ना शेअर केली, आणि खुनी म्हणून जगभर हाच झळकला.

कोर्टाची बाजूही वेगळी. विल्डर्सवर द्वेष पसरवल्याचा खटला चालला, २०११ला निर्दोष सुटला. त्याआधी २००९ मध्ये ब्रिटनने त्याला हीथ्रोवरूनच परत पाठवलं होतं (हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये फितना दाखवायला चालला होता), मग तिथल्याच ट्रायब्युनलने ती बंदी चुकीची ठरवली. कोर्ट, अपील, प्रसिद्धी, आणि त्यातून त्याचं राजकारण वाढतच गेलं.

सबमिशनच्या वाट्याला यातलं काही नाही. २००५च्या जानेवारीत रॉटरडॅमच्या फेस्टिव्हलमध्ये ती दाखवायची ठरली होती, तर सुरक्षेच्या कारणावरून निर्मात्यानेच मागे घेतली. बंदी नाही, कोर्टाची ऑर्डर नाही, डायरेक्टर आधीच गेलेला आणि बाकीच्यांना स्वतःच्या माणसांचा जीव धोक्यात घालायचा नव्हता, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा.