इसब ‘आत दाबला’ जातो का? एका भीतीची पार्श्वभूमी

इसबाच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला मलम लावताना कधी ना कधी हे ऐकावं लागतं: “वरून दाबू नकोस, आत जाईल, दमा होईल.” सांगणारी आजी असते, शेजारच्या काकू असतात, कधी औषध देणारा माणूसच असतो. मला लहानपणापासून इसब आहे, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीतला. थंडीत भेगा पडतात, पावसाळ्यात लस वाहते. त्यामुळे ही भीती माझ्या चांगल्या परिचयाची आहे. ती पटतेही, कारण लहानपणी इसब असलेल्या बऱ्याच मुलांना पुढे खरोखरच दम्याचा किंवा सततच्या शिंका-सर्दीचा त्रास होतो. पण त्याच घरांच्या कपाटात चिठ्ठीशिवाय आणलेली स्टिरॉइडची ट्यूबही असते, आणि कोणाच्याही कसल्याही खाजेवर ती चोळली जाते. या दोन्ही सवयींना इतिहास आहे.

आपल्याकडे सुरुवात चरकसंहितेपासून करावी लागते. तिथे कुष्ठाचे (म्हणजे त्वचारोगांचे) अठरा प्रकार आहेत, सात मोठे आणि अकरा क्षुद्र. त्या अकरांत ‘विचर्चिका’ येते: खाज असलेल्या, काळपट, भरपूर स्राव करणाऱ्या पुळ्या. ओला इसब पाहिलेल्याला हे वर्णन लगेच ओळखू येतं. चरकाच्या मते मूळ बिघाड दोषांत आणि रक्तात असतो. म्हणून आधी शोधन (शरीराची आतून शुद्धी), गरज पडल्यास रक्तमोक्षण (रक्त काढून टाकणं), आणि मग लेप. शरीर आधी शुद्ध केलं असेल तर लेप लवकर गुण देतात, असं तो स्पष्ट सांगतो. म्हणजे लेपाला त्याचा विरोध नव्हता, क्रमाचा आग्रह होता. घराघरांत पोचेपर्यंत मात्र त्यातलं ‘रक्त खराब झालंय’ एवढंच उरलं. मंजिष्ठा-अनंतमूळाचा काढा, वांगं-चिंच-मसूर बंद, आंघोळीच्या पाण्यात कडुलिंबाचा पाला, वरून करंजेल. ही चौकट मराठी घरात आजही टिकून आहे.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. शरीरातले वाईट द्रव त्वचेवाटे बाहेर पडतात, ती वाट बुजवली तर ते आतल्या अवयवांवर उतरतात, असं तिथले वैद्य शतकानुशतकं मानत आले. लंडनमध्ये रॉबर्ट विलन या डॉक्टरने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्वचारोगांची मांडणी केवळ दिसण्यावरून सुरू केली, म्हणजे पुटकुळ्या कसल्या आणि खवले कसले यावरून. १८१२ मध्ये तो वारला आणि त्याचा शिष्य थॉमस बेटमनने पुढचं काम केलं. इसबाच्या ‘एक्झिमा’ या नावाला आधुनिक वैद्यकात पक्की जागा मिळाली ती या दोघांमुळे. पण कारणाचा प्रश्न तसाच राहिला. १८२८ मध्ये होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी जुनाट आजारांवरचा आपला सिद्धांत मांडला. दाबून टाकलेली खाज हेच बहुतेक जुनाट दुखण्यांचं मूळ, हा त्याचा गाभा. ही पद्धत भारतात रुजली आणि महाराष्ट्रात तर फार लोकप्रिय झाली. इथल्या ‘रक्तशुद्धी’च्या कल्पनेशी ती सहज जुळली. आजीच्या तोंडच्या वाक्यात या दोन्ही परंपरा मिसळलेल्या आहेत असं मला वाटतं.

या विचाराला पहिला खरा धक्का व्हिएन्नात बसला. फर्डिनांड फॉन हेब्रा तिथे त्वचारोगांचा वॉर्ड सांभाळत होता. खरूज ही रक्तातल्या दोषामुळे होते असं तेव्हा मोठमोठे डॉक्टर सांगत. हेब्राने खरजेचे किडे स्वतःच्या अंगावर सोडून घेतले, खरूज ओढवून घेतली आणि दाखवून दिलं की आत काहीही बिघडलेलं नसताना ती होते आणि किडा मेला की जाते. इसबाबद्दलही त्याने तसाच पुरावा गोळा केला: दाहक तेल निरोगी कातडीवर चोळलं तर इसबासारखाच चट्टा उठतो. त्याचे उपचार कातडीवरचेच होते, डांबर, मलमाच्या पट्ट्या, लांबलचक अंघोळी. त्यांनी रुग्णांना आराम पडत होता. वरून उपचार करून रोग आत शिरतो हे त्याने साफ नाकारलं.

पण लोकांचा अनुभवही खोटा नव्हता. १८९२ मध्ये पॅरिसमध्ये अर्नेस्ट बेनिएने अशा रुग्णांचं वर्णन केलं ज्यांची खाज तान्हेपणी सुरू होते, वर्षानुवर्षं ऊन-थंडीबरोबर कमीजास्त होते, आणि ज्यांना किंवा ज्यांच्या घरच्यांना दमा व परागकणांची सर्दी असते. १९२३ मध्ये अमेरिकेत कोका आणि कूक यांनी या घराण्यात चालणाऱ्या प्रवृत्तीला ‘अ‍ॅटोपी’ म्हटलं, आणि १९३३ मध्ये वाइज आणि सल्झबर्गर यांनी या इसबाला ‘अ‍ॅटोपिक डर्मटायटिस’ हे नाव दिलं. इसब आणि दमा एकाच माणसात भेटतात हे तेव्हापासून वैद्यकालाही मान्य आहे. फरक इतकाच, की दोन्ही एका मुळाच्या फांद्या आहेत. मूल दोन वर्षांचं होईतो इसब ओसरायला लागतो, त्याच सुमारास किंवा थोड्या वर्षांनी दमा डोकं वर काढतो, आणि मधल्या काळात कोणीतरी मलम लावलेलं असतंच. दोष मलमाच्या माथी जातो.

इथे पुण्याचा एक धडा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ‘आतलं की बाहेरचं’ या वादात आपल्याच मातीतला इतका ठळक पुरावा दुसरा नाही. १९५५ साली पुण्यात एक नवं पांढऱ्या फुलांचं तण दिसलं आणि १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद झाली. ते गाजरगवत. अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्य-मदत योजनेतल्या गव्हातून ते आलं असं सर्रास सांगतात. पण भारताशी तो करार १९५६ च्या ऑगस्टमध्ये झाला, म्हणजे गवत आधीच उगवलेलं होतं, आणि त्याहून कितीतरी जुने वाळवलेले नमुनेही भारतातल्या संग्रहांत आढळले आहेत. काही का असेना, पुण्याच्या माळांवरून ते देशभर पसरलं. एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या वाऱ्या-पाण्याबरोबर जातात.

थोड्याच वर्षांत पुणे परिसरातले डॉक्टर एक विचित्र इसब पाहू लागले. रुग्ण बहुतेक मोठ्या वयाचे पुरुष, शेतकरी आणि उघड्यावर काम करणारे. लहानपणी ज्यांना कधी काही झालं नव्हतं त्यांच्या पापण्या, मान, गळ्याखालचा उघडा भाग, कोपराच्या लवणी पेटत होत्या. पावसाळ्यात गवत तरारलं की वाढायचं. उन्हात गेलं की आणखी. चेहऱ्याची कातडी जाड आणि काळवंडलेली व्हायची. १९७४ मध्ये पुण्याचे डॉ. लोणकर यांनी लंडनचे कॅलनन आणि कॅनडातले मिचेल यांच्याबरोबर या आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोष गवतातल्या पार्थेनिन नावाच्या रसायनाचा निघाला. ते पानांवरच्या बारीक लवेत असतं आणि वाळलेल्या गवताच्या धुळीबरोबर हवेतून अंगावर बसतं, म्हणून गवताला हात न लावणाऱ्यालाही त्रास होतो.

हे ओळखायची पद्धत नवी नव्हती. जोसेफ याडासॉन या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्येच पॅच टेस्ट मांडली होती: संशयित पदार्थ पाठीला चिकटवायचा, दोन दिवसांनी पट्टी काढायची आणि लाल झालं का पाहायचं. साध्या कागदी पट्टीचा हा प्रयोग काढे, पथ्यं आणि मलमं यांत वर्षं घालवलेल्या शेतकऱ्याला सांगू शकतो की तुमच्या रक्तात काही नाही, तुमच्या बांधावर आहे. हे कळणं ही मोठी सुटका आणि त्याहून मोठी अडचणही, कारण बांध सोडून तो जाणार कुठे? १९८४ मध्ये हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे बंगळूरला आणून सोडले गेले. काही ठिकाणी ते काम करतात, पण गवत संपलेलं नाही. अशा रुग्णांसाठी अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी गोळी उपयोगी पडते, हे दाखवणारं महत्त्वाचं काम दिल्लीच्या एम्समध्ये झालं. इसबाच्या इतिहासात भारताने स्वतःच्या गरजेतून घातलेली ही भर आहे, आणि तिची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

आता त्या ट्यूबकडे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड देण्यात आलं आणि अंथरुणाला खिळलेले लोक चालू लागले. १९५० चं नोबेल हेन्च, केंडल आणि राइखस्टाइन यांना मिळालं. पण कॉर्टिसोन कातडीवर चोळून काही होईना. १९५२ मध्ये सल्झबर्गर (१९३३ मध्ये नाव देणारा तोच) आणि विटन यांनी त्याचं भावंड हायड्रोकॉर्टिसोन मलम म्हणून वापरलं, आणि इसबावर पहिल्यांदाच असं औषध मिळालं की काही दिवसांत खाज शमते. शतकानुशतकं रात्र रात्र जागलेल्या आयांच्या दृष्टीने ही केवढी गोष्ट असेल, याची कल्पना ज्याने खाजेची रात्र काढली आहे त्याला येईल. पुढच्या वीसेक वर्षांत बीटामेथासोन आणि नंतर क्लोबेटासोलसारखी कितीतरी पट जहाल मलमं आली. त्यांनी कातडी पातळ होते, पांढुरके-जांभळे चरे उठतात, चेहरा लाल राहतो, हेही तेव्हाच दिसू लागलं. म्हणजे मलमाची भीती निराधार नव्हती. फक्त ती चुकीच्या गोष्टीची होती. धोका रोग आत जाण्याचा नाही. कुठलं मलम, कुठल्या जागी, किती दिवस, हे न पाहण्याचा आहे.

१९९१ मध्ये लाँग आणि फिनले यांनी मोजण्याची एक सोपी युक्ती दिली: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मलम बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. ही एवढीशी माहिती कितीजणांना मिळते? बहुतेकांना “दोनदा लावा” एवढंच सांगितलं जातं. घाबरणारा ठिपकाभर लावून “गुण नाही” म्हणतो, बेफिकीर माणूस थापतो.

भारतात दुसरी बाजू विशेष बिघडली. मेडिकलवाल्याला “खाज आहे” म्हटलं की स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र घातलेली ट्यूब हातात पडते. गजकर्णावर ती लावली की दोन दिवसांत लाली आणि खाज जाते, बुरशी मात्र खाली पसरत राहते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभर दिसणाऱ्या हट्टी गजकर्णामागे हे एक मोठं कारण मानलं जातं. या गजकर्णातल्या, औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीला २०२० मध्ये नाव मिळालं तेही ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’, म्हणजे भारताच्याच नावावरून. गोरेपणासाठी हीच मलमं चेहऱ्याला लावून कातडी कायमची नाजूक करून घेतलेल्या मुली त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बराच काळ आवाज उठवला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीची अट लागू केली. दुकानात ती अट किती पाळली जाते हे वाचकांनी आपापल्या नाक्यावर पाहावं.

मुळाच्या प्रश्नाचं उत्तर २००६ मध्ये बरंच पुढे सरकलं. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवलं की अ‍ॅटोपिक इसब असलेल्या अनेकांत फिलॅग्रिन हे त्वचेचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असतो. गिलावा निघालेल्या भिंतीत ओल शिरावी तसं अशा कातडीतून पाणी बाहेर जातं आणि धूळ, जंतू, अन्नाचे कण आत शिरतात. मग शरीर त्यांच्याविरुद्ध चेततं. यामुळे जुनं वाक्य जवळजवळ उलटं झालं. दम्याची आणि अ‍ॅलर्जीची वाट उघडी, पेटलेली कातडी तयार करत असावी, असं आज अनेक संशोधक मानतात. मग जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावून इसब टाळता येईल का? ब्रिटनमध्ये जवळपास १४०० बाळांवर हे करून पाहिलं, आणि २०२० मध्ये निकाल आला की टळत नाही. ज्याला इसब झालेला आहे त्याला मात्र आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावलेलं मॉइश्चरायझर उपयोगी पडतंच. फिलिपीन्समधल्या चाचणीत व्हर्जिन खोबरेल तेलही खनिज तेलापेक्षा सरस ठरलं, तेव्हा आजीच्या बाटलीला निदान काही आधार आहे.

दरम्यान नवी औषधं येत राहिली. जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या जीवाणूपासून मिळालेलं टॅक्रोलिमस २००० च्या अखेरीस अमेरिकेत मलम म्हणून मंजूर झालं. ते कातडी पातळ करत नाही, म्हणून पापण्या आणि चेहऱ्यासाठी ते मोठंच वरदान. २०१७ मध्ये तिथेच डुपिलुमॅबचं इंजेक्शन आलं, जे खाज आणि दाह पेटवणाऱ्या नेमक्या दोन संदेशांना अडवतं. ते गंभीर दम्यावरही दिलं जातं. कातडीवरची आग शमवणारं औषधच दमाही आवरतं, हे ‘दाबलं तर दमा’ म्हणणाऱ्यांना मी आवर्जून सांगते. २०२२ मध्ये उपाडासिटिनिब आणि अ‍ॅब्रोसिटिनिब या गोळ्यांना इसबासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.

आपल्याकडे इंजेक्शनाचा खर्च बहुतेक घरांना झेपत नाही. त्यामुळे हट्टी इसबासाठी डॉक्टर अजून सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन किंवा अतिनील किरणांचा उपचार सुचवतात. नव्या गोळ्यांपैकी एखादी सुरू करायची झाली, तर आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी सांगतात. शरीरात निजलेला क्षय या गोळ्यांनी जागा होऊ शकतो, आणि आपल्या देशात तो कितीतरी जणांच्या अंगात असतो. ही तपासणी टाळू नये.