क्ले सीझन (टेनिस)

क्ले सीझन म्हणजे प्रोफेशनल टेनिसच्या वर्षातला एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचा तुकडा, जेव्हा सगळी मंडळी युरोपात जाऊन लाल कोर्टांवर खेळतात. मॉन्टे कार्लो, बार्सिलोना, माद्रिद, रोम आणि शेवटी पॅरिसची फ्रेंच ओपन म्हणजेच रोलाँ गॅरोस, असा साधारण रूट. तसं फेब्रुवारीत दक्षिण अमेरिकेत आणि विम्बल्डन झाल्यावर जुलैतही क्लेवर टूर्नामेंट होतात, पण क्ले सीझन म्हटलं की लोकांच्या डोक्यात हाच येतो.

आधी नावाचा घोळ. क्ले म्हणजे चिकणमाती, आणि त्या कोर्टावर चिकणमाती नसतेच. वरचा जो लाल थर दिसतो तो विटांचा चुरा, म्हणजे आपली सुरखी, जुन्या वाड्यांच्या चुन्यात घालायचे तीच. रोलाँ गॅरोसला हा थर जेमतेम 1-2 मिलिमीटरचा असतो, त्याच्या खाली दाबलेल्या चुनखडीची पूड, मग जळक्या कोळशाची खर, मग खडी, मग मोठे दगड. म्हणजे खरं कोर्ट पांढरं आहे आणि वर नुसता विटकरी रंगाचा हात मारलाय म्हटलं तरी चालेल. आमच्या माळव्यातल्या काळ्या मातीचं कोर्ट केलं असतं तर मेमध्ये भेगांत बॉल गेला असता आणि जुलैत बूट. ही आयडिया 1880च्या आसपास फ्रान्समधल्या कान (Cannes) शहरात रेनशॉ बंधू या इंग्लिश टेनिसपटूंनी काढली असं सांगतात, उन्हाने गवत जळायला लागलं म्हणून त्यांनी मातीच्या भांड्यांचा चुरा वर पसरला. अमेरिकेत हिरवा क्ले असतो, तो दगडाच्या चुऱ्याचा, त्याला ती मजा नाही.

आता मजा कसली, तर बॉल पडला की ही भुकटी त्याला धरते, पुढे जायचा स्पीड कमी होतो आणि टप्पा वर उठतो, टॉपस्पिन (बॉलला पुढच्या बाजूला दिलेली फिरकी) असेल तर पार खांद्याच्या वर. त्यामुळे गवतावर जी सर्व्हिस सरळ पॉइंट देऊन जाते ती इथे परत येते, मग परत मारा, ती पुन्हा परत येते, आणि पॉइंट नुसत्या ताकदीवर मिळत नाही, तो रचावा लागतो. समोरच्याला चार शॉट बॅकहँडच्या कोपऱ्यात दाबायचं, तो मागे मागे सरकत पार बॅनरला टेकला की हळूच एक ड्रॉप शॉट, म्हणजे नेटच्या लगेच पलीकडे पडणारा हलका बॉल, टाकायचा. लाल माती म्हटलं की इंदूरच्या जुन्या माणसाला आधी आखाडा आठवतो, आणि ते काही चूक नाही, कारण इथेही आधी दम काढायचा आणि मग डाव टाकायचा. अमेरिकेच्या पीट सॅम्प्रसने 14 ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार मोठ्या टूर्नामेंट) जिंकल्या पण फ्रेंच ओपन त्याला कधीच मिळाली नाही, 1996ची सेमीफायनल हीच त्याची मजल.

आणि स्पेनचा राफेल नदाल. 2005 ते 2022 मध्ये 14 वेळा फ्रेंच ओपन जिंकली, तिथे एकूण 112 मॅच जिंकल्या आणि फक्त 4 हरला, त्यातली पहिली हार 2009 मध्ये स्वीडनच्या सोडरलिंगकडून. बाकी कुठल्याही खेळात असं काही दाखवा. बायकांमध्ये क्रिस एव्हर्टने तिथे 7 टायटल घेतले आणि क्लेवर सलग 125 मॅच जिंकल्या होत्या, हे आजकालच्या पोरांना सांगावं लागतं.

सगळ्याच लाल कोर्टांचा स्वभाव सारखा नसतो. माद्रिद 650 मीटरवर आहे, हवा विरळ, बॉल सुसाट जातो. तिथेच 2012 मध्ये टीव्हीवर बॉल नीट दिसावा म्हणून निळा क्ले केला, तो इतका घसरडा निघाला की नदाल आणि जोकोविच भडकले, बदलला नाही तर येणार नाही म्हणाले, आणि पुढच्या वर्षी कोर्ट परत लाल. बरं झालं. मॉन्टे कार्लोचं क्लब गंमत म्हणजे मोनॅकोत नाहीच, हद्दीच्या पलीकडे फ्रान्समध्ये आहे.

पण मला विचाराल तर क्लेची खरी गोडी खुणेत आहे. बॉल पडला की मातीवर लांबट डाग उमटतो आणि तिथेच राहतो. लाइनवर होता की बाहेर यावर वाद झाला की अंपायर उंच खुर्चीवरून खाली उतरतो, नेट ओलांडून जातो, वाकतो, बोट दाखवतो, प्लेअर शेजारी उभा राहून म्हणतो ती नाही, ही बघा, आणि स्टेडियम श्वास धरून. 2025 पासून एटीपीने, म्हणजे पुरुषांची टूर चालवणाऱ्या संस्थेने, क्लेवरही मशीनचा निकाल आणला, तर माद्रिदला जर्मनीच्या झ्वेरेवने खिशातून नाही, बेंचवरून फोन आणून त्या खुणेचा फोटोच काढला आणि त्याला वॉर्निंग मिळाली. रोलाँ गॅरोसने मात्र लाइनवर माणसंच ठेवली. बाकी बारीकसारीक गोष्टीही बघण्यासारख्या, सेट संपला की माणसं जाळी ओढत कोर्ट झाडतात, ब्रशने लाइन पुसतात, प्लेअर रॅकेटने बूट ठोकून माती पाडतात. मोजे मात्र विटकरी होतात ते होतातच, आमच्याकडे आजीचा दरवर्षीचा प्रश्न ठरलेला, की हे धुतं कोण?

भारतासाठीही रोलाँ गॅरोस लाभाचं. 1997 मध्ये महेश भूपतीने रिका हिराकीबरोबर मिक्स्ड डबल्स जिंकली ती इथेच, कुठल्याही भारतीयाचं ते पहिलं ग्रँड स्लॅम टायटल. 1999 मध्ये लिअँडर पेस आणि भूपती या जोडीने पुरुषांची डबल्सही जिंकली.

इंदूरमध्ये बसून बघायला या सीझनसारखा टाइम दुसरा नाही. ऑस्ट्रेलियन ओपनला पहाटे उठा, यूएस ओपनला रात्र जागा, आणि पॅरिसला अकरा वाजले की आपल्याकडे अडीच, म्हणजे मेच्या सुट्ट्यांत जेवण झालेलं, बाहेर लू, कूलरमध्ये पाणी भरलेलं, आणि एकेक रॅली इतकी लांब की मध्येच डुलकी लागली तरी पॉइंट चालूच. फायनल संध्याकाळी साडेसहाला. 8 जून 2025 च्या पुरुषांच्या फायनलला इटलीच्या सिनरकडे तीन चॅम्पियनशिप पॉइंट होते, म्हणजे त्यातला एक जिंकला की टायटल त्याचं, स्पेनच्या अल्काराझने तिन्ही वाचवले आणि मॅच 5 तास 29 मिनिटं चालली, रोलाँ गॅरोसच्या इतिहासातली सगळ्यात लांब फायनल, इथे बारा वाजत आले होते आणि राजेंद्र नगरहून सराफ्यात रात्रीचं खायला जायचं ठरलेलं तसंच राहून गेलं. दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर हिरवं गवत सुरू. तोवर मृग लागलेला असतो, आणि कूलर काढून ठेवायचा की नाही यावर घरात बोलणं चालू होतं.