तापमानवाढीच्या गांभीर्याचा वाद, सोलापुरातील

पृथ्वी तापते आहे का, यापेक्षा तापल्याने किती बिघडणार, यावर होणारी सार्वजनिक चर्चा. सोलापुरात तिला स्थानिक वळण आहे, कारण येथे उकाडा ही बातमीच नव्हे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांवर जाणे नेहमीचे. ‘सोलापूरला ऊन काय नवं हाय का बे?’ एवढ्यावर कट्ट्यावरचा वाद बहुधा मिटतो.

विज्ञानात मूळ प्रश्न केव्हाच सुटला आहे. कोळसा जाळल्याने हवा तापेल, हे स्वीडिश शास्त्रज्ञ आऱ्हेनियसने १८९६ मध्येच गणिताने दाखवले होते. हवाईतील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१५ भाग होता; आता तो ४२० च्या पुढे आहे. मतभेद उरतो तो प्रमाणाचा. हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचा १९७९ मधील अंदाज दीड ते साडेचार अंश होता. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान मंडळाने (आयपीसीसी) २०२१ मध्ये तो अडीच ते चार अंशांवर आणला. याच मंडळाच्या २००७ च्या अहवालातील ‘हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील’ हे विधान चुकीचे निघाले आणि मागे घ्यावे लागले. शंकेखोर अजून तेच पुढे करतात. एका परिच्छेदाच्या चुकीने हजारो ठिकाणची मोजमापे खोटी ठरत नाहीत, हे मात्र सोडून देतात.

१९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. सकाळ आणि दुपार यांतच पंधरा अंशांचा फरक सोसणाऱ्या गावाला हा आकडा किरकोळ वाटतो. त्यात सरकारी व्याख्येची गंमत आहे. मैदानी भागात पारा किमान ४० अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ गाठेल, तेव्हाच उष्णतेची लाट मानतात. सोलापूरची मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या आसपास; त्यामुळे ४४ अंशांची दुपारही कागदावर लाट ठरेलच असे नाही. पूर्व भागातील यंत्रमागाच्या पत्र्याखाली टॉवेल विणणाऱ्याला ती व्याख्या ठाऊक नसते. कोरड्या हवेत सूत वारंवार तुटते, माग थांबतो, आणि रात्रपाळीलाही पत्रा निवत नाही. गांभीर्य मोजायचेच तर दुपारपेक्षा रात्रीच्या पाऱ्यावर मोजावे.

दुसरा वाद पाण्याचा. दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६ चा, १९७२ चा. ‘तेव्हा कुठे होता कार्बन?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो. पर्जन्यछायेतील या जिल्ह्याला अवर्षण जुनेच आहे, हे खरे. उजनी धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस हा तर हवामानाचा नव्हे, माणसाचा निर्णय. टंचाईचे सारे खापर तापमानवाढीवर फोडणे काहींना सोयीचेही असते. पण २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातही खोल गेले आणि त्याच ऑगस्टमध्ये भरून नदीत पाणी सोडावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीने माढा, मोहोळकडची शेते बुडवली. एखाद्या पुराचे कारण असे सरसकट सांगता येत नाही. मात्र हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते, म्हणून अतिवृष्टीचा जोर वाढतो.

ज्वारीच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात हा वाद निराळ्या शब्दांत येतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. पेरणीच्या तोंडावर अतिपावसाने रान चिबडले, की वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येण्याची वाट पाहत तिफण (पेरणीचे अवजार) बांधावर पडून राहते.