तंतूंचे पृष्ठरसायन व पृष्ठसंस्कार

राळेला (रेझिनला) किंवा प्लास्टिकला बळकटी आणण्यासाठी घातलेल्या तंतूंच्या पृष्ठावर कोणते रासायनिक गट आहेत आणि ते भोवतालच्या राळेला कितपत धरून ठेवतात, याचा विचार पृष्ठरसायनात होतो. तंतू कितीही चिवट असो, राळेवरचा ताण त्याच्यापर्यंत पोचतो तो पृष्ठावरूनच. पकड सैल असली की भार येताच तंतू न तुटता नुसता उपसून येतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात केकताडाचा (घायपाताचा) वाख, म्हणजे पानांतला तंतू, दोर, कासरे, दावी वळण्यासाठी वापरत आले आहेत. पाने पाण्यात कुजवली की जिवाणू त्यांतले पेक्टिन (तंतूंना चिकटवून ठेवणारा पदार्थ) फस्त करतात. मग बडवून, खळबळून धुतले की वाख मोकळा होतो. हिरव्या पानांच्या रसाने अंगाला सुटणारी खाज मुख्यतः कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे असते. दोराला एवढी सफाई पुरते, कारण तिथे पीळ आणि घर्षण धाग्यांना बांधून ठेवतात. राळेत पीळ नाही. सगळी भिस्त पृष्ठावर.

वाखातील सेल्युलोजवर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट भरपूर असल्याने तो ओल धरतो, तर पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक पाण्याला जवळ करत नाही; त्यामुळे दोघांची पकड सैल राहते. म्हणून वाख साधारण ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवतात, धुतात, सौम्य ॲसेटिक आम्लाने उदासीन करून वाळवतात. मेण आणि सेल्युलोजभोवतीचे हेमिसेल्युलोज व थोडे लिग्निन निघून पृष्ठ खरबरीत होते. जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये सुती कापडासाठी पेटंट घेतलेली प्रक्रिया याच जातीची. द्रावण फार कडक झाले तर सेल्युलोजच खंगते आणि तंतू कमजोर होतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन मिसळणे हा दुसरा उपाय; ते वाख आणि प्लास्टिक यांना जोडणारा दुवा ठरते. उसाच्या चिपाडालाही हे संस्कार लागू पडतात. सीमाभागातल्या साखर कारखान्यांत मात्र चिपाड बहुतांशी बॉयलरमध्येच जाते.

काचतंतूला तार ओढतानाच सिलेनयुक्त (सिलिकॉनच्या संयुगाचा) लेप देतात. सिलेनचे एक टोक काचेशी जोडले जाते, दुसरे राळेशी. त्यामुळे पॉलिएस्टर राळेसाठीचा लेप एपॉक्सी राळेला चालेलच असे नाही. कार्बनतंतूचे विद्युत्-रासायनिक ऑक्सिडीकरण करून पृष्ठावर ऑक्सिजनयुक्त गट आणतात.

पकड वाढवत नेणे नेहमीच हिताचे नसते. ती फार घट्ट झाली तर तडा तंतूपाशी न वळता सरळ आरपार जातो आणि वस्तू आघाताला ठिसूळ ठरते. मोडलेला तुकडा भिंगाखाली धरला तर फरक ओळखता येतो: पकड सैल असेल तेथे स्वच्छ, लांब तंतू आणि रिकामी भोके दिसतात, चांगली असेल तेथे आखूड तुटलेली टोके व त्यांना चिकटलेली राळ.