बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरची सांधेदुखी

वजन उतरवण्यासाठी जठर लहान केल्यावर किंवा अन्नाची वाट आतड्यात पुढे वळवल्यावर (बायपास) गुडघे, खुबे, घोटे, कंबर यांचे दुखणे मागे उरते, काही महिने थांबून पुन्हा सुरू होते किंवा पूर्वी कधी नसताना नव्याने उद्भवते. या तिन्ही अवस्था येथे एकत्र घेतल्या आहेत. बहुतेक रुग्णांचे सांधे शस्त्रक्रियेनंतर हलके होतात. ज्यांचे होत नाहीत, त्यांना सांध्याइतकीच पोटाची काळजी घ्यावी लागते, कारण इतरांना चालणारी साधी दुखण्याची गोळी त्यांना चालतेच असे नाही.

सातारा जिल्ह्यातून अशा शस्त्रक्रियेसाठी पुष्कळ जण पुण्याला जातात. पहिल्या काही तपासण्यांना घरचे गाडी करून नेतात. पुढे वजन उतरलेले दिसते, कपडे सैल होतात आणि फेऱ्या थांबतात. वर्षभराने गुडघा धरला की माणूस कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो. कोणत्या गोळ्या टाळायच्या ते सर्जनच्या कागदावर लिहिलेले असते, पण कागद कपाटात आणि दुकानदाराला बायपासची कल्पना नाही. बरेचसे नुकसान पुणे आणि कोपऱ्यावरचे मेडिकल यांच्या मधल्या या फटीत होते.

भार आणि झीज

चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १ किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असे दिसले. या हिशेबाने ३० किलो उतरलेल्या माणसाला जिना चढताना पाय दुसऱ्याचे वाटले तर नवल नाही. शिवाय चरबी कमी झाली की शरीरातला दाहही कमी होतो. वजन न पेलणारे बोटांचे सांधेही काहींना मोकळे वाटतात, ते त्यामुळे.

झिजलेली कूर्चा मात्र परत उगवत नाही. गुडघ्यातले ‘वंगण’ संपले असे लोक म्हणतात, पण वंगणापेक्षा हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण गेलेले असते. एक्स-रेवर हाडाला हाड लागलेले दिसत असेल तर वजन उतरूनही दुखणे उरणार, हे शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवे. ते पुरेसे स्पष्ट सांगितले जात नाही आणि मग ‘एवढे करूनही गुडघा तसाच’ ही नाराजी पदरी येते. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आधी गुडघा किंवा खुबा तीव्र दुखणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना लक्षणीय आराम पडला. अंगदुखीत एकूण सुधारणा झालेल्यांचे प्रमाण मात्र पहिल्या वर्षी सुमारे ५८ टक्के होते, ते तिसऱ्या वर्षी ४९ टक्क्यांवर आले. पहिल्या वर्षाचा आनंद पुरा टिकेल असे धरून चालता येत नाही.

वेदनाशामके

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, नायमसुलाइड, पायरॉक्सिकॅम ही नावे घरोघरी माहीत नसली तरी त्यांच्या स्ट्रिपा घरोघरी असतात. जठराच्या आतल्या अस्तराला जपणारी द्रव्ये शरीर सतत तयार करत असते. या गोळ्या दाहाबरोबर त्यांचीही निर्मिती रोखतात. धडधाकट जठर ते काही काळ निभावून नेते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी थेट लहान आतड्याला जोडलेली असते. आतड्याचा तो भाग आम्ल सोसण्यासाठी बनलेला नाही. जोडाजवळ व्रण होतो, त्यातून रक्त जाते आणि कधी तो फुटतो. म्हणून बायपास झालेल्यांनी हा गट जन्मभर टाळावा असे सांगतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी केली जाते त्या प्रकारात, असा जोड नसल्याने धोका कमी असतो. तिथे डॉक्टर थोड्या दिवसांसाठी, आम्ल कमी करणाऱ्या गोळीसोबत, अशी औषधे कधी देतात. मिनी बायपास नावाने ‘मिनी’ असला तरी त्यातही जोड असतो आणि त्यालाही बायपासचाच नियम लागू.

‘गोळी नको, सुई द्या, म्हणजे पोटाला लागणार नाही’ ही विनंती साताऱ्याच्या दवाखान्यांत रोजची. ती चुकीच्या समजावर उभी आहे. औषध रक्तातून अस्तरापर्यंत पोहोचतेच, दंडात टोचले काय नि कमरेत. एटोरिकॉक्सिबसारख्या नव्या गोळ्या पोटाला तुलनेने सौम्य, पण निर्धोक नव्हेत. गुडघ्यावर चोळायच्या डायक्लोफेनॅक जेलमधून मात्र रक्तात फार थोडे औषध जाते. ते बहुतेकांना डॉक्टरांच्या संमतीने वापरता येते.

पहिली पसंती पॅरासिटामॉल. ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी. इथे एक फसगत होते. ‘पॅरासिटामॉल द्या’ म्हटल्यावर एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी हाती येते, कारण दुकानात तीच जास्त खपते. स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे दुसरे नाव असेल तर परत द्यावी. ‘एसआर’ म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही बायपासनंतर भरवशाच्या राहत नाहीत. त्या नेमक्या कुठे आणि किती विरघळतील हे बदललेल्या वाटेत सांगता येत नाही. ट्रॅमाडॉलने मळमळ आणि बद्धकोष्ठ होतो, सवयही लागते, म्हणून ते थोड्या दिवसांपुरतेच.

आठवडी बाजारात मिळणाऱ्या वाताच्या पुड्यांचा विषय निराळा काढायला हवा. त्या घेतल्यावर दोन दिवसांत गुडघा हलका होतो, आणि हीच शंका घेण्याजोगी गोष्ट. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळल्याचे तपासण्यांत वारंवार आढळले आहे. बाहेरून तेल चोळणे, शेकणे याला कुणाची हरकत नसावी.

जोडावरच्या व्रणाला तंबाखूही कारण ठरते. विडी-सिगारेट सोडायला सगळे सांगतात, मिश्रीचे कुणी विचारत नाही. सकाळी मिश्री लावून बसणाऱ्या बाईला आपण तंबाखू घेतो असे वाटतच नाही, पण निकोटिन तिच्याही रक्तात जाते. काळी शौच, बेंबीच्या वर टोचून दुखणे, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी यांपैकी काहीही दिसले तर सांधेदुखीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

युरिक ॲसिड

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत रात्रीतून पायाचा अंगठा सुजून लाल झाला, चादरीचा स्पर्शही सोसेना, तर तो बहुधा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साचून येणारी सूज, असतो. शरीर वेगाने स्वतःची चरबी आणि पेशी मोडते, खाणे जेमतेम असते, पाणी कमी पडते. रक्तातले युरिक ॲसिड त्यामुळे चढते आणि मूत्रपिंडांतून बाहेर पडत नाही. ज्यांना पूर्वी गाऊट झालेला आहे त्यांना हा धोका अधिक. वर्षभरात वजन स्थिरावले की हेच युरिक ॲसिड आधीपेक्षा खाली येते, असा उलटा प्रवास आहे. भर झटक्यात केलेली तपासणी सामान्य येऊ शकते, त्यामुळे एका रिपोर्टवर गाऊट नाही असे ठरवू नये. कोल्चिसिन कमी मात्रेत किंवा थोडे दिवस स्टेरॉइड, हा उपचार डॉक्टर ठरवतात. युरिक ॲसिड कमी करणारे ॲलोप्युरिनॉल आधीपासून चालू असेल तर स्वतःहून बंद करू नये.

एकादशी, श्रावणी सोमवार, चातुर्मासातले नेम यांविषयी सर्जनला विचारायचा संकोच वाटतो. विचारावे. पहिल्या वर्षी कडक उपवास करणे म्हणजे गाऊटला आमंत्रण, आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी तर प्रथिनांच्या नावाने तोकडीच. आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून जाते. तिच्याबरोबर एखादा टप्पा चालायचा असेल तर घोट-घोट पाणी वाटेभर घेत राहावे लागते, कारण लहान झालेल्या जठराला एकदम तांब्याभर पाणी पेलत नाही.

हाडे आणि स्नायू

सांधे दुखतात असे सांगणाऱ्या कितीतरी जणांची खरे तर हाडे दुखत असतात. नडगी दाबली की कळ येते, खुर्चीतून उठताना मांड्या साथ देत नाहीत, पाठ जडावते. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम शोषणारा आतड्याचा भाग बायपासमध्ये टळतो. रक्तातले कॅल्शियम राखण्यासाठी शरीर मग हाडांतून ते उपसू लागते. वर्षभर ऊन असलेल्या जिल्ह्यात ड जीवनसत्त्व कमी कसे, असा प्रश्न लोक विचारतात. घरात, दुकानात, कचेरीत दिवस काढणाऱ्याला उन्हाचा उपयोग नाही, आणि लठ्ठ शरीरात हे जीवनसत्त्व चरबीत अडकून राहते. शस्त्रक्रियेला येतानाच अनेकांची पातळी खाली असते.

साधारणपणे दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३००० एककांच्या आसपास ड३ सांगितले जाते. ड३ची मात्रा पुढे रक्त तपासून बदलतात. कॅल्शियम सायट्रेट घ्यावे, कारण कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागते आणि तेच आता कमी असते. एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषले जात नाही, म्हणून भाग करून घ्यावे, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवावे. नाचणीची आंबील चांगली, तिने गोळी सुटत नाही.

वजनाबरोबर स्नायूही जातात, आणि गुडघा सांभाळतो तो मांडीचा स्नायू. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. भाकरी-भाजीवर एवढी होत नाहीत. ताटात आधी अंडे, मासा, पनीर, दही, मटकी किंवा हुलग्याचे दाट माडगे घ्यावे, पोट भरत आल्यावर जागा उरलीच तर भाकरी. आपल्याकडे ताटाची सुरुवात भाकरीने होत असल्याने हा क्रम घरातल्या बायकांना चमत्कारिक वाटतो.

बसणे, उठणे, चालणे

अचानक पाऊल उचलेनासे होणे, चप्पल निसटणे, पायाच्या वरच्या भागाला मुंग्या येणे याला अनेकदा ‘गुडघ्याचेच काहीतरी’ समजले जाते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. वजन झपाट्याने उतरले की तिच्याभोवतीची चरबीची गादी नाहीशी होते, आणि मांडी घालून किंवा उकिडवे बसल्यावर ती दाबली जाते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरीची तोडणी तासन्‌तास उकिडवे बसून होते. अशा बैठकीने ही नस दुखावते हे शस्त्रक्रिया न झालेल्यांतही माहीत आहे. भुईमुगाच्या खुरपणीचे तेच. दर थोड्या वेळाने उठून पाय मोकळे करणे, बुटक्या स्टुलावर बसून काम करणे याने ते टळते. पाऊल एकदा लुळे पडलेच तर आठवडाभर वाट पाहू नये. उलट्या होत असताना पायांत बधिरपणा आला तर ब१ जीवनसत्त्व संपत आल्याची शक्यता असते आणि ते तातडीने शिरेतून द्यावे लागते.

माकडहाड दुखू लागणे हीही नव्या शरीराची तक्रार. पंगतीत किंवा कीर्तनात सतरंजीवर बसलेल्याला दोन्ही बाजूंची हाडे जमिनीला टेकलेली जाणवतात, जी आधी कधी टेकत नव्हती. घडी घातलेली चादर खाली घ्यावी. गुडघ्याची झीज असेल तर घरी कमोड बसवणे आणि जमिनीवरचे जेवण टेबलावर आणणे, यात कमीपणा मानू नये.

चालण्याच्या बाबतीत सातारकरांपुढे मोहाच्या जागा फार. सकाळी अजिंक्यताऱ्याची वाट, चार भिंती, यवतेश्वरचा घाट. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला घाबरतात, गुडघ्याला मात्र उतार जास्त जड जातो. पहिले काही महिने मैदानावर सपाटीने चालावे आणि किल्ला नंतर गाठावा. सज्जनगडाच्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरून, दुखरा पाय आधी खाली. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि झोपून पाय सरळ उचलणे हे दोनच व्यायाम नेमाने केले तरी मांडीत फरक पडतो. यवतेश्वर-कास रस्त्यावरची अर्धमॅरेथॉन २०१२ पासून भरते, आणि वजन उतरल्याच्या उत्साहात तिला नाव नोंदवणारेही असतात. हौस समजण्यासारखी आहे, पण एकवीस किलोमीटरांचा घाट पळायला स्नायू एक-दोन हंगाम आधी तयार करावे लागतात.

इतर कारणे

सगळ्याचे खापर शस्त्रक्रियेवर फोडू नये. चिकुनगुन्या होऊन गेल्यावर सांधे महिनोन्‌महिने धरतात. सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडत असतील, मनगटे सुजत असतील तर संधिवाताची तपासणी हवी. १९६० आणि १९७० च्या दशकांत केल्या जाणाऱ्या, आतड्याचा बराचसा भाग वगळणाऱ्या जुन्या बायपासमध्ये बंद पडलेल्या आतड्यात जंतू वाढून सांधे सुजत आणि अंगावर पुरळ येई. ती शस्त्रक्रिया आता केली जात नाही, आजच्या प्रकारांत हा आजार विरळा. एकच सांधा तापासह गरम होणे किंवा जांघेत अचानक कळ येऊन पाय टेकवेनासा होणे, यात मात्र थांबायला जागा नाही. पहिल्यात सांध्यात पू झालेला असू शकतो, दुसऱ्यात खुब्याचे हाड तडकलेले.

सांधेबदल

गुडघा बदलायचाच असेल तर आधी कोणती शस्त्रक्रिया, यावर अस्थितज्ज्ञांची मते एकसारखी नाहीत. ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीत सांधेबदलाआधी वजनाची शस्त्रक्रिया झालेल्यांत पुढची गुंतागुंत कमी दिसली, आणि त्यांतल्या जवळपास तीन जणांपैकी एकाने दुखणे कमी झाल्यामुळे गुडघा बदलायचे नाकारले. वजन उतरत असतानाच घाई न करता ते स्थिरावण्याची आणि लोह, प्रथिने, ड जीवनसत्त्व भरून निघण्याची वाट बहुतेक सर्जन पाहतात. सांधेबदलानंतरच्या ठरीव औषधांत डायक्लोफेनॅकसारखी दाहशामक वेदनाशामके असतात. रुग्ण सडपातळ दिसत असल्याने पोटाची शस्त्रक्रिया झाल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे जुन्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स अस्थितज्ज्ञाबरोबरच भूलतज्ज्ञाच्याही हातात द्यावी, आणि बायपास झाल्याचे फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्यावे.