मोटारगाडीच्या इंजिनाची देखभाल

मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन इंजिनाची झीज मर्यादित राहावी म्हणून ठराविक काळाने केली जाणारी तपासणी, सफाई व सुट्या भागांची बदली म्हणजे इंजिनाची देखभाल. तिच्यात वंगणतेल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि आत जाणारी हवा यांना महत्त्व असून पहिला मान निःसंशय तेलाचा आहे.

पिस्टन व सिलिंडर, तसेच क्रँकशाफ्ट (पिस्टनांच्या हालचालीने फिरणारा दांडा) व त्याची बेअरिंगे यांच्यामधील तेलाच्या पातळ थरामुळे धातूवर धातू घासत नाही. शिवाय तेल उष्णता वाहून नेते, काजळी स्वतःत तरंगत ठेवते आणि ज्वलनातून निर्माण होणाऱ्या आम्लांचे उदासिनीकरण करते. तेल काळे पडणे हे म्हणूनच बहुधा ते काम करीत असल्याचे लक्षण असते. मात्र त्यात मिसळलेली रासायनिक पूरके हळूहळू खर्ची पडत असल्याने पातळी योग्य असली तरी तेल फिल्टरसह बदलावेच लागते. अनेक उत्पादक त्यासाठी १०,००० किमी किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ती मुदत देतात.

केवळ किलोमीटर मोजणे मात्र फसवे ठरते. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि थंड इंजिनात तिचे पाणी होऊन ते तेलात उतरते. इंजिन पुरेसा वेळ तापले, तर हे पाणी उडून जाते. परंतु रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत ते साचत राहून तेलाचा गाळ बनतो व भाग गंजतात. अशा गाडीचे तेल लवकर बदलणे इष्ट. तेलाची श्रेणीही गाडीच्या पुस्तिकेनुसारच असावी: ५डब्ल्यू-३० मधील पहिला अंक थंडीतील प्रवाहीपणा, तर दुसरा १०० °से. तापमानाची दाटता दर्शवितो. डिपस्टिकवरील (तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीवरील) वरच्या खुणेपलीकडे तेल भरल्यास क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करू शकतो.

कूलंटमधील गंजरोधके कालांतराने निष्प्रभ होतात, त्यामुळे रेडिएटरमध्ये नुसते पाणी भरत राहणे घातक आहे. इंजिन अतितप्त झाल्यास ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकू शकते. एअर फिल्टर फाटला, तर धुळीतील वाळूचे कण सिलिंडरच्या भिंती खरवडतात. टायमिंग बेल्ट (झडपांची उघडझाप पिस्टनांच्या हालचालीशी जुळती ठेवणारा पट्टा) मुदतीत बदलला नाही व तुटला, तर अनेक इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळतात.

तेलदाबाचा दिवा चालत्या गाडीत लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी. दाबाविना काही मिनिटांतच बेअरिंगे जळतात.