कुठला पास, कुठले कागद, कुठली खिडकी: पुण्यात गाडीशिवाय कॉलेज गाठणाऱ्यांसाठी

प्रवेशाची गर्दी ओसरली की आमच्या खिडकीवर दुसरी रांग लागते. "सर, बोनाफाईड पाहिजे." कशासाठी? "पाससाठी." कुठल्या पाससाठी? इथे गाडी अडते. मागे उभा असलेला मित्र कानात काहीतरी पुटपुटतो आणि उत्तर येतं, "पीएमटीचा... नाहीतर मेट्रोचा. दोन्ही लिहा ना."

दोन्ही लिहिता येत नाही. पीएमपी (म्हणजे शहरातली बस), मेट्रो, लोकल आणि एसटी ही चार वेगळी खाती आहेत. एकाचा पास दुसऱ्याकडे चालत नाही, सवलतीचे नियमही वेगळे. मी कॉलेजच्या कार्यालयात बसतो, तिकीट खिडकीवर नाही. पण कुणाचा अर्ज कशामुळे परत आला, हे कळतं ते आमच्याकडेच, कारण तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्यासमोर उभा असतो.

आधी बोनाफाईड

बहुतेक सवलतींचं मूळ हा एक कागद. तुम्ही या शैक्षणिक वर्षात, या वर्गात, खरोखर शिकता आहात, असं कॉलेजने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेलं असतं. अर्ज करताना प्रवेशाची पावती आणि ओळखपत्र सोबत आणा. ओळखपत्र अजून छापून आलं नसेल तर नुसती पावतीही बहुतेक ठिकाणी चालते. कारण लिहायच्या रकान्यात "वैयक्तिक" असं लिहू नका. "पीएमपी पास" किंवा "मेट्रो कार्ड" असं स्पष्ट लिहा. आणि एकाच वेळी दोन-तीन मूळ प्रती मागून घ्या. झेरॉक्सवरचा शिक्का काळा दिसतो आणि पुढचा माणूस लगेच "ओरिजिनल आणा" म्हणतो.

आता नावाचं दुखणं. मागच्या वर्षी तळेगावहून येणारी एक मुलगी तीन वेळा आली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. आधारवर फक्त नाव आणि आडनाव, त्यातही आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. आम्ही बोनाफाईड गुणपत्रिकेप्रमाणे दिलं, तिकडे आधारशी जुळेना. शेवटी आधार दुरुस्त होऊन आलं तोवर पहिलं सत्र अर्धं संपलं होतं. तेव्हा प्रवेश झाला की त्याच आठवड्यात दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. पत्त्याचंही तेच. आधारवर गावचा पत्ता आणि राहणं कोथरूडच्या खोलीवर, असं असेल तर होस्टेलचं पत्र किंवा भाडेकरार फाईलमध्ये असू द्या. सगळीकडे मागतील असं नाही, पण मागितला की त्या दिवशीची फेरी वाया जात नाही.

पीएमपीचा पास

२००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, तरी जुने लोक अजून पीएमटीच म्हणतात. विद्यार्थ्यांचा मासिक पास ७५० रुपयांचा आहे. १ जून २०२५ पासून भाडेवाढ झाल्यावर साधा मासिक पास १,५०० आणि दैनंदिन पास ७० रुपयांचा झाला, म्हणजे विद्यार्थ्याला महिना निम्म्यात पडतो.

पण निम्म्यात मिळतोय म्हणून घ्यायलाच हवा असं नाही. आधी हिशोब करा. पाच किलोमीटरपर्यंतचं तिकीट १० रुपये, त्यापुढे दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०, असं ते चढत जातं. कॉलेज घरापासून चार किलोमीटरवर असेल तर येऊन-जाऊन २० रुपये. महिन्यात २४ दिवस गेलात तरी ४८० होतात, मग पास कशाला? २० रुपयांचा टप्पा असेल तर १९ दिवस ये-जा केली की पास वसूल. ३० चा असेल तर विचार करायचं कारणच नाही. एक गोष्ट मात्र मुलं विसरतात. बस बदलली की तिकीट नवीन. धनकवडीहून स्वारगेट आणि तिथून पुढे शिवाजीनगर असं करणाऱ्याला एका दिशेला दोन तिकिटं लागतात. त्याच्यासाठी अंतर कमी असूनही पास परवडतो. गणपती आणि दिवाळीच्या सुट्टीच्या महिन्यांत मात्र पुन्हा आकडेमोड करावी.

कागद साधे आहेत: भरलेला अर्ज, चालू वर्षाचं बोनाफाईड, कॉलेजचं ओळखपत्र, आधारची प्रत आणि फोटो. फोटो स्टुडिओतलाच काढा. एका पठ्ठ्याने ट्रेकच्या ग्रुप फोटोतून स्वतःचं डोकं कापून आणलं होतं. खांद्यावर मित्राचा हात तसाच! अर्जावर जिथे प्राचार्यांची सही लागते तिथे आधी आमच्याकडे या आणि मग पास केंद्रावर जा, उलटं करू नका. "आपली पीएमपीएमएल" ॲपवर साधा दैनंदिन आणि मासिक पास निघतो, बस कुठवर आली तेही दिसतं. सवलतीच्या पासाचं तसं नाही, तिथे तुम्ही विद्यार्थी आहात हे कागदाने दाखवावं लागतं.

बसमध्ये पास आणि कॉलेजचं ओळखपत्र दोन्ही जवळ हवं. चेकर चढला की ओळखपत्राचा मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालणारे बरेच असतात, आणि वाद बहुतेक हरतात. मुलींसाठी एक जोड: महिलांसाठीच्या तेजस्विनी बसमधून दर महिन्याच्या ८ तारखेला मोफत प्रवास करता येतो.

मेट्रो

वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, असे हे दोन मार्ग. सिव्हिल कोर्टला (आता नाव जिल्हा न्यायालय) एकातून उतरून दुसऱ्यात बसता येतं. स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला आणि टिळक रोड, मंडई भागातल्या कॉलेजांची पिंपरीकडची मुलं सुटली. गरवारेचं तर स्टेशनच कॉलेजच्या नावाचं.

भाडं १० ते ३५ रुपये, आणि विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत. अट एकच पण महत्त्वाची: सवलत पदवीपर्यंतच. एमए, एमएस्सीची मुलं दरवर्षी हिरमुसली होऊन परत येतात. सवलतीसाठी "एक पुणे विद्यार्थी पास" हे कार्ड काढावं लागतं. नावात पास असला तरी तो मासिक पास नव्हे, पैसे भरून वापरायचं प्रीपेड कार्ड आहे. वयाची १३ वर्षं पूर्ण हवीत. आधार, बोनाफाईड आणि चालू मोबाइल नंबर लागतो. अठराच्या आतले असाल तर पालकांचे कागदही. नंबर स्वतःचाच द्या. वडिलांचा दिलात तर ओटीपी गावी जातो आणि तुम्ही स्टेशनवर फोन लावत बसता.

३० रुपयांच्या प्रवासाला रोज येऊन-जाऊन १८ रुपये वाचतात, २४ दिवसांचे ४३२. कार्डात ऑनलाइन पैसे भरले की ते लगेच गेटवर चालतील असं समजू नका. स्टेशनवरच्या मशीनला कार्ड लावून रक्कम कार्डावर उतरवून घ्यावी लागते. नऊच्या लेक्चरला उशीर झालेला असताना हे कळणं फार महागात पडतं.

लोकल

लोणावळा लाइनवरच्या मुलांनी पीएमपीच्या नादी लागूच नये, असं माझं मत. आकुर्डीची कॉलेजं स्टेशनला लागून आहेत आणि इंजिनिअरिंगचं सीओईपी शिवाजीनगर स्टेशनपासून चालत. रेल्वेचा विद्यार्थी मासिक पास नेहमीच्या पासाच्या निम्म्या दरात मिळतो. इथे बोनाफाईडऐवजी रेल्वेचा ठरावीक सवलत अर्ज लागतो. तो कॉलेजच भरून, सही-शिक्का करून देतं आणि तुम्ही तिकीट खिडकीवर द्यायचा. घराजवळचं स्टेशन ते कॉलेजजवळचं स्टेशन एवढाच पास मिळतो. "पुण्यापर्यंत लिहा ना सर, कधीतरी फिरायला" हे आम्हाला लिहिता येत नाही. वयाची मर्यादा साधारण २५, अनुसूचित जाती-जमातींसाठी २७, संशोधकांसाठी ३५. अर्जावर खाडाखोड चालत नाही, म्हणून स्टेशनचं नाव आधी नीट सांगा. दुपारी गाड्या विरळ असतात, प्रॅक्टिकल कधी सुटतं ते बघून ठरवा.

एसटी

भोर, सासवड, शिरूरकडून रोज येणाऱ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे एक तृतीयांशच पैसे भरायचे. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत हा पास मोफत, तेव्हा अकरावी-बारावीच्या मुलींनी पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं. अलीकडे जूनमध्ये एसटीचे कर्मचारी शाळा-कॉलेजात येऊनच पास देतात. त्या दिवशी गैरहजर राहिलात तर आगारात रांग लावायची. शिवाजीनगरचं स्थानक मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हललं, हे पहिल्या दिवशी गाडी शोधताना लक्षात ठेवा.

आणि हा पास रोज ये-जा करणाऱ्यांचा आहे. होस्टेलवर राहून महिन्यातून एकदा गावी जायचं असेल तर तो मागायला येऊ नका. मुलींना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहेच. मुलांना पूर्ण.